ड्रॉइंग सरांच्या डोक्याचा फोटो

ड्रॉइंग सरांचं डोकं फिरलं आहे, हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला सांगता येणार नाही. मुकुटबनच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झालो त्या दिवशी शिपायाने मला स्टाफरूम, पाण्याचा माठ आणि ड्रॉइंग सर दाखवले, आणि शेवटच्या बाबतीत आवाज खाली आणून म्हणाला, "याईले जराक सांभाळून घ्या सर. मानूस सोन्यासारका आहे, पन..." आणि कानशिलापाशी बोट गोल फिरवलं.

तेव्हा सरांचं लिव्हर ठणठणीत होतं. निदान असं आम्ही सगळे धरून चालतो. खात्रीने मात्र कोणालाच सांगता येत नाही, आणि या सगळ्या हकिगतीत माझी अडचण नेमकी हीच आहे. मी गणिताचा माणूस. मला एका प्रश्नाला एक उत्तर लागतं. सरांच्या बाबतीत मला ते कधी मिळालं नाही आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

सर आम्हा कोणालाच नावाने हाक मारत नसत. मी 'गणित'. माझ्या शेजारी बसायचे ते 'भूगोल'. पी.टी.चे सर 'शिट्टी', आणि मुख्याध्यापक 'घंटा'. मुख्याध्यापकांना हे ठाऊक होतं. सुरुवातीला ते चिडले, नंतर नुसतेच कंटाळले, आणि शेवटी शेवटी फोनवर स्वतःच "हां, घंटा बोलतो" म्हणू लागले. सर मला व्हरांड्यात गाठून विचारत, "काय गणित, आज चेहरा वजाबाकीवानी काहून करून राह्यले?" उत्तराची वाट बघत नसत. पुढे निघून जात.

दुसरी खोड मार्क देण्याची. चित्राला ते एकदम मार्क देतच नसत. आभाळाला आठ, बैलाला तीन, बैलाच्या शेपटीला वेगळे दोन, असा हिशेब असे. हे वर्गापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण स्टाफरूमच्या चहाला "रंगाले सात, चवीले दोन" असं सांगून ते कप खाली ठेवत. पंधरा ऑगस्टला बाहेरगावच्या पाहुण्यांनी फार लांबलचक भाषण केलं, तेव्हा हार घालायला गेलेल्या सरांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं, "सुरुवातीले पाच. शेवट सापडला नाई म्हणून त्याले काहीच नाई." पाहुणे हसले. त्यांना वाटलं, हा इथला काही प्रकार असेल.

पोरांनी दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि काठाला नारळाचं झाड काढलं की सर पेटत. "नारळाचं झाड पाह्यलं काय बे तू मुकुटबनात? नारळ पाह्यला असन, देवापुढं फोडते तो. झाड कुठी पाह्यलं?" मग सगळा वर्ग उठवून रस्त्यापलीकडच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात नेत आणि एकेकाला एकेका पानासमोर उभं करत. "हे पान हिरवं आहे म्हनते तो आळशी. हिरवा हा आळशी लोकाईचा रंग आहे. नीट पाय." एका पोरीने त्या दिवशी पऱ्हाटीचं पान लालसर जांभळं रंगवलं. दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत हजर. आमच्या वावरात लाल्या रोग आल्याची बातमी शाळेपर्यंत कशी आली, असं त्याला विचारायचं होतं. सरांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि त्याच्या पोरीच्या चित्राला त्या वर्षातले सगळ्यात जास्त मार्क दिले.

रविवारी ते रंग आणि कागद आणायला वणीला जात. येताना एस.टी.तून मधल्याच कुठल्यातरी गावाला उतरून पडत, कारण तिथल्या चिंचेचा बुंधा त्यांच्या मनात भरलेला असे. पुढची गाडी येईपर्यंत तिथे बसून काढत राहत. कंडक्टर लोकही तयार झाले होते. तिकीट फाडताना विचारत, "मास्तर, आज मुकुटबनापर्यंत हाये का मधातच?"

म्हणूनच एका रविवारी ते मधल्या गावी उतरले आणि पुढच्या सगळ्या गाड्या सोडून तिथेच बसून राहिले, तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. तिथल्या पानठेलेवाल्याने सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, फोन केला. वहिनींनी मला सांगितलं, मी मोटरसायकल घेऊन गेलो. सर पारावर बसले होते. मांडीवर कागद होता आणि तो कोरा होता. मी विचारलं, "आज काही काढलं नाही?"

"जमून राह्यलं नाई," सर म्हणाले. "झाड हलून राह्यलं."

वारा अजिबात नव्हता. पण हे वाक्य इतकं त्यांचं होतं, की मी ते त्यांच्या इतर वाक्यांत जमा करून टाकलं आणि त्यांना मागे बसवून घरी आणलं.

पुढे ते दुपारच्या तासाला टेबलावर डोकं ठेवून झोपू लागले. वहिनी सांगत, रात्रभर घरात फेऱ्या घालतात आणि दिवसा डोळे मिटतात. एकाच चित्राला सकाळी आठ आणि दुपारी दोन मार्क पडू लागले. पाय जरा फाकून पडू लागले, जीभ जड झाली. गावाने यावरून जो निष्कर्ष काढायचा तो फार वेळ न घालवता काढला. शिट्टी सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर घ्यायले लागले वाटते." मला ते पटलं नाही. पण मग काय, हेही मला सांगता येईना. जन्मभर जो माणूस असाच वागत आला, तो अचानक असा का वागू लागला, असं विचारायचं तरी कोणत्या तोंडाने?

कापूस वेचणी चालू होती त्या दिवसांत एकदा सर तासाला आलेच नाहीत. शोधाशोध झाली. शाळेमागच्या तुरीच्या वावरात ते चपला पोटाशी धरून बसलेले सापडले. मुख्याध्यापकांनी वाकून विचारलं, "सर, तुमचं नाव सांगता काय?" सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मले कायले विचारता? हजेरीत पाहा." हे उत्तरही इतकं त्यांचंच होतं, की मुख्याध्यापक सुटकेचा श्वास टाकून परत फिरले. मी फिरणार होतो. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की सर रडत होते. त्यांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली, हे सरळच सांगतो.

त्यांना यवतमाळला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी सरांना दोन्ही हात पुढे करून, वाहतूक थांबवणारा पोलिस धरतो तसे पंजे उभे धरायला सांगितले. पंजे मधेच गळून पडत, परत वर येत, परत गळत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली आणि सांगितलं, की सरांचं लिव्हर आवळून दगडासारखं झालं आहे. रक्तातली जी घाण लिव्हरने काढून टाकायची ती तशीच डोक्याकडे जाते आहे. त्यात अमोनिया मुख्य. त्यामुळे माणूस गोंधळतो, झोपेचं उलटंपालटं होतं, कधी शुद्धही जाते.

वहिनी ताठ झाल्या. "डॉक्टरसाहेब, त्याईनं कदी थेंबाले हात लावला नाई."

"दारूच लागते असं नाही," डॉक्टर म्हणाले. "यांना किती वर्षांपासून शुगर आहे. लिव्हरमध्ये चरबी साठूनही असं होतं."

वहिनींनी हे मला दोनदा म्हणायला लावलं आणि मग डॉक्टरांना विचारलं, "हे तुमी आमच्या गावात येऊन सांगता काय? खर्च आमी देऊ." नवऱ्याला एवढा मोठा आजार निघाल्याचं दुःख आणि नाव राखलं गेल्याचं समाधान, दोन्ही त्या बाईंच्या चेहऱ्यावर एकाच वेळी होतं.

गोड, घट्ट असं एक औषध सुरू झालं. त्याने पोट सारखं साफ होई आणि पोटाबरोबर डोकंही. चार-दोन दिवसांत मी वॉर्डात शिरलो तर सर म्हणाले, "या गणित. या औषधाले चवीले दहा, परिणामाले काही इचारू नका." मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन सगळ्यांसाठी केळी घेऊन आलो.

आता डोकं किती साफ झालं ते मोजायचं होतं. डॉक्टरांनी एक कागद दिला. त्यावर आकडे इकडेतिकडे विखुरलेले होते. ते क्रमाने रेघेने जोडायचे, आणि डॉक्टर घड्याळ धरणार. साधा माणूस किती वेळात जोडतो ते त्यांना ठाऊक असतं. सरांनी कागद दूर धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "साताहून आठावर गेलं का सगळा कागद कापून निघते. रेष खराब होते." मग त्यांनी क्रम सोडून शेजारशेजारचे आकडे सावकाश जोडले. त्यातून बसलेल्या बैलासारखं काहीतरी तयार झालं. डॉक्टरांनी घड्याळ खिशात ठेवलं.

"बरं, पाच टोकांची चांदणी काढा."

सरांनी पेन्सिल टेकवली आणि उचलली. कागदावर एक ठिपका. "चांदणीले टोकं नसतात," ते म्हणाले. "तुमी कदी वर पाह्यलं नाई वाटते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही यांना बरीच वर्षं ओळखता ना? हे आधीपासून असेच आहेत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मनात जुनं-नवं वेगळं करू लागलो. मधल्या गावी उतरणं आधीपासूनचं. झाड हलणं नवीन. एका चित्राला दोन वेळा वेगळे मार्क देणं बहुधा नवीन, पण सरांनी आधी तसं कधी केलंच नसेल अशी शपथ मी घेतली नसती. आणि चांदणी? चांदणीला कोपरे काढणाऱ्या पोरांना त्यांनी जुन्या काळातही फैलावर घेतलेलं मी ऐकलं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं, ठिपका जुना आहे. पण त्याच दिवशी दुपारी सरांना वाटलं की मी डुलक्या घेतो आहे, आणि त्यांनी कपातल्या चहात बोट बुडवून पलंगाशेजारच्या स्टीलच्या स्टुलावर चांदणी काढायला घेतली. पाच टोकांची. रेघ शेवटी जुळेना. हाताने पुसून परत काढली, परत जुळली नाही. मग त्यांनी सगळ्या स्टुलावरून पंजा फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. तो ठिपका मग जुना होता की नवा? मी अजून सांगू शकत नाही.

आकड्यांवरून काही ठरेना म्हणून डॉक्टरांनी डोक्याचा एम.आर.आय. काढायला लावला. गाठ किंवा रक्तस्राव नाही ना, तेही त्यात कळणार होतं. सरांच्या कमरेचा करदोडा आणि खिशातली सुटी नाणी काढून घेतली, आणि ते त्या नळीत गेले. आतून यंत्राचा ठणठणाट चालू असताना बाहेर वहिनी हात जोडून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "आवाजाले नऊ," आणि फोटो बघायचा हट्ट धरून बसले. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी सरांना पडद्यासमोर खुर्ची दिली.

काळ्या-राखाडी मेंदूचे एकामागून एक काप सरकत होते. मधोमध आल्यावर बाईंनी हात थांबवला. तिथे खोल आत डावीकडे आणि उजवीकडे एकेक पांढरट डाग होता. आसपासचा भाग राखाडी आणि तेवढाच उजळ. सर पुढे झुकले. त्यांना मी एखाद्या चित्रापुढे इतका वेळ गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं.

"हे दोन्हीकडं सारखं आहे," ते शेवटी म्हणाले. "मशीननंच काढलं असन. मानसाच्या हातून असं सारखं निघत नाई."

बाईंनी समजावलं, की जेवणातून शरीरात एक धातू जातो, मँगनीज म्हणतात त्याला. चांगलं लिव्हर तो बाहेर टाकतं. सरांचं टाकत नाही, म्हणून तो इथे येऊन बसला आहे. बाकी मेंदूत गाठबीठ काही नाही.

"म्हंजे मी यडा नाई."

"तसं यावरून सांगता येत नाही."

"मंग आहे?"

"तेही नाही सांगता येत, काका."

सर माझ्याकडे बघून हसले. "पाहा गणित. एवढी मोठी मशीन, अन् गाववाल्याईपेक्षा कमी सांगते."

खरा पेच यानंतर आला. औषधाने डोकं साफ होई, पण एक दिवस पोट साफ झालं नाही की पुन्हा धुकं. यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हे लिव्हर आता फार दिवस साथ देणार नाही. दुसरं बसवावं लागेल. घरातल्या कोणाच्या लिव्हरचा तुकडा चालतो, देणाऱ्याचं परत वाढतं. सरांना एकच मुलगी, शुभांगी, पुसदच्या कॉलेजात शिकवते. तिने कोणाला न विचारता स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. तिचं जुळलं.

सरांनी तिला एका शब्दात सांगितलं, "नाई."

वहिनींनी पाया पडून पाहिलं, नाई. वहिनींचा भाऊ पुसदहून आला, नाई. डॉक्टरांनी सांगितलं, याला नकार म्हणजे काय ते समजतं ना तुम्हाला? सर म्हणाले, समजते. मरन येते. आणि का नाही, असं विचारलं की उत्तर एकच. "कागदावर दुसऱ्याचा हात लागला का चित्र कोनाचंच राहत नाई."

हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं, हे विचित्र वाटेल पण खरं आहे. कागद कुठला, चित्र कुठलं? हे तर सरळसरळ बरळणं. वहिनींचा भाऊ डॉक्टरांच्या खोलीत म्हणाला, "साहेब, भाऊजीचं डोस्कं ठिकाणावर नाई हे तं फोटोतच दिसून राह्यलं. मंग त्याईचं नाई कायले धरता? आमी घरचे हो म्हनतो, तुमी काम सुरू करा." वहिनींनी मान डोलावली. त्या पांढऱ्या डागांवर त्या घराची सगळी आशा येऊन बसली होती.

डॉक्टरांनी तो फोटो पुन्हा उजेडाच्या पाटीवर लावला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "यापेक्षा उजळ डाग असलेले लोक माझ्यासमोर व्यवस्थित व्यवहार बोलून गेलेत. आणि फोटो जवळजवळ साफ असलेला माणूस स्वतःचं घर ओळखत नाही, असंही पाहिलंय. डाग दिसतो. हे वाक्य कोण बोललं, ते यात दिसत नाही." नंतर त्यांनी मला विचारलं, "यांच्या तोंडून ही कागदाची गोष्ट तुम्ही आधी कधी ऐकली आहे?"

ऐकली होती. आजाराच्या बऱ्याच आधीची गोष्ट. यवतमाळला जिल्ह्यातल्या शाळांचं चित्रप्रदर्शन होतं. अशा प्रदर्शनात मुलांच्या चित्रांवरून शिक्षकाने शेवटचा हात फिरवायचा, ही सगळीकडची रीत. बाकीच्या शाळांच्या चित्रांत सहावीच्या पोरांनी काढलेल्या हातांना पाच पाच नीट बोटं असत, ती काय आपोआप आलेली नसत. आमच्या शाळेतून एका पोरीचा बैल जायचा होता. बैल काय सुंदर होता, फक्त मागचा एक पाय आखूड. मुख्याध्यापक आर्जवं करून थकले, एवढा एक पाय लांब करून द्या. सर म्हणाले, तिचा बैल आहे, तिच्याच पायावर उभा राहील. आणि मग हेच वाक्य, शब्दाला शब्द. बक्षीस अर्थातच दुसऱ्यांना गेलं. सर कधीच कोणाच्या पोराच्या कागदाला पेन्सिल लावत नसत. शेजारी दुसऱ्या कागदावर काढून दाखवत. इतक्या वर्षांत मी त्यांना हा नियम मोडताना पाहिलं नाही.

आता मी काय सांगायचं? "नाही, कधी ऐकलं नाही" एवढं म्हटलं की सर गोंधळलेले ठरत होते आणि बहुतेक वाचत होते. खरं सांगितलं की ते शहाणे ठरत होते आणि मरत होते. आयुष्यभर ज्याला सगळ्या गावाने वेडा म्हटलं, त्याला शहाणा म्हणण्याची पाळी माझ्यावर आली ती नेमकी या वेळी. मी सांगितलं, "डॉक्टर, हे त्यांचंच बोलणं आहे. जुनं आहे."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "आमी तुमचं काय वाईट केलं होतं?"

शुभांगी इतका वेळ खिडकीशी उभी होती. ती माझ्यासमोर आली. "काका, नक्की? हे बाबाच बोलून राह्यले?"

"नक्की."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "मी समजली का आजार बोलून राह्यला. आजाराशी काय भांडाचं? बाबाशी तं भांडता येते." आणि ओढणी खांद्यावर टाकून ती वॉर्डाकडे निघाली. मी मागोमाग गेलो.

इथे मला एक सांगितलं पाहिजे. सरांनी पहिल्यांदा नकार दिला तो दिवस स्वच्छ होता, मी समोर होतो. पण शुभांगी भांडायला निघाली ती ही सकाळ तशी नव्हती. आदल्या दिवशी औषध उलटून पडलं होतं. सकाळी मी गेलो तेव्हा सर मला म्हणाले होते, "या भूगोल, बसा." आमचे भूगोलाचे सर बदली होऊन कधीचे गेले होते. शुभांगी तेव्हा शेजारीच उभी होती. तिनेही ते ऐकलं होतं.

ती पलंगाच्या कडेला बसली. "बाबा, माह्याकडं पाहा."

"पाहून राह्यलो."

"हे नाक कोनाचं आहे?"

सरांनी निरखून पाहिलं. "माह्यं. खराब आलं."

"मले विचारलं होतं काय, लावू का म्हनून?"

सर विचारात पडले. "तू नव्हती तवा."

"नव्हतीच. विचाराले मी जाग्यावर नव्हती अन् तुमी सगळा कागद रंगवून टाकला. नाक तुमचं, राग तुमचा, हे असं उभं राहनं तुमचं. तवा कुठी गेलता तुमचा नियम? आता मी जराक हात लावते म्हनते तं चित्र खराब होते?" तिचा आवाज चढत गेला. शेजारच्या पलंगावरचे लोक उठून बसले. "अन् तुमी गेले तं मी भांडू कोनाशी? आईशी? ते दुसऱ्या वाक्याले रडते."

हे म्हणता म्हणता ती स्वतःच रडायला लागली. वाघासारखी आलेली पोर, ओढणीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. सर तिच्याकडे पाहत होते. त्यांना काय कळत होतं ते देव जाणे. त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, तो मनगटातून गळून पडला, त्यांनी परत उचलला आणि ठेवला.

"हाव," ते म्हणाले.

"काय हाव?"

"लाव म्हटलं ना. हाव."

वहिनी दारातच खाली बसल्या. नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली. डॉक्टर आले, त्यांनी सरांना विचारलं, सरांनी परत "हाव" म्हटलं. वहिनींच्या भावाने पेढे आणले. पुढे अशा ऑपरेशनला मंजुरी देणाऱ्या समितीच्या लोकांनी शुभांगीला खोदून खोदून विचारलं, तुझ्यावर कोणाची सक्ती नाही ना. सरांनाही विचारलं, मुलगी काय देते आहे ते ठाऊक आहे ना. सरांनी हाव म्हटलं. ऑपरेशन झालं. दोघंही त्यातून बाहेर आले. मी दोन दिवस नागपूरच्या त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होतो आणि मला आनंदाने काही खाववत नव्हतं.

पण माझं डोकं गणिताचं. ते गप्प बसत नाही. सर नाही म्हणाले तेव्हा त्यांना आकडे जोडायला लावले, चांदणी काढायला लावली, मशीनमध्ये घालून मेंदूचे काप काढले आणि शेवटी मला साक्षीला उभं केलं. ते हो म्हणाले, तेव्हा कोणीच फोटो काढा म्हणालं नाही. मीही नाही. ज्या सकाळी मी त्यांना भूगोल दिसत होतो, त्या सकाळचा तो होकार आम्ही सगळ्यांनी पेढ्यासकट घेतला. आणि आजही मला कोणी विचारलं, तर मी तो परत तसाच घेईन.

सर आता पुसदला मुलीकडे राहतात. रात्री झोपतात, दिवसा जागे असतात. मला 'गणित'च म्हणतात, भाजीला मार्क देतात. मधल्या गावी उतरणं मात्र गेलं. मी विचारलं, तर म्हणाले, "कायले उतरू? घरी जाचं असते ना." मला हे उत्तर सहन झालं नाही. ते उतरणं आजारासोबत गेलं, म्हणजे ते सुरुवातीपासून आजाराचंच होतं का? की वयाने गेलं? मला जुने सर हवे आहेत, आणि जुने म्हणजे नेमके कधीचे ते मला सांगता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ, कूलर चालू, शुभांगी चहा घेऊन आली. मला राहवलं नाही. मी विचारलं, "सर, तेव्हा तुम्ही हो म्हणालात, ते आठवतं?"

शुभांगीच्या हातातला ट्रे तिथेच थांबला. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी म्हटलो होतो काय हाव?" ते म्हणाले. "मले काही आठवत नाई."

शुभांगीने कप ठेवले. "काका, असं नसते विचाराचं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. आत भांड्यांचा आवाज सुरू होईपर्यंत सर थांबले. मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले, "आठवते. हाव म्हटलेलं चांगलं आठवते. पन तिले सांगू नका."

"का?"

"आठवते म्हटलं का पोरगी विचारन, बाबा, तवा काहून हाव म्हटलं? अन् ते मात्र खरंच आठवत नाई गणित. लय शोधलं म्या. सापडत नाई."

आतून तिने विचारलं, साखर बरोबर आहे का. सर मोठ्याने म्हणाले, हाव.